पंचवीस कागदांवरचं कुंकू

३ नोव्हेंबर

टुरिस्टांचा सीझन सुरू झाला आणि माझी मळमळही. पेडण्याहून मांद्र्याला जाताना रस्त्याच्या कडेला दिवाळीत जाळलेल्या नरकासुरांचे सांगाडे अजून तसेच पडलेत, आणि त्यांना टेकून दिल्लीच्या गाड्या लावलेल्या. एक बाई तर सांगाड्याबरोबर फोटो काढून घेत होती, तोंडाचा चंबू करून.

तिथल्या गॅलरीत मालकीण रितिकाने भिंतींना पुन्हा पांढरा रंग काढलाय. गेल्या सीझनला याच भिंतींवर फेणीची बाटली आठ रंगांत लटकत होती, तेरेखोलचा किल्ला गुलाबी आणि पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल जांभळी. त्याच्या आदल्या वर्षी शिरगावच्या जत्रेतल्या धोंडाची वेताची काठी. ती काठी घेऊन माणसं उपास करून निखाऱ्यांतून चालतात, आणि इथून ती कुणाच्या तरी बाथरूमबाहेर टांगायला गेली. तिचा रिपोर्ट मीच लिहिला होता. कागद स्वच्छ, समास पूर्ण, सही पेन्सिलीत. शी!

काल शेजारची सुविधा विचारत होती, छापील चित्राला एवढी किंमत कशी काय येते. मी सांगितलं, बाजारातली साधी वस्तू घ्यायची, भडक रंगांत छापायची, त्याला पॉप आर्ट म्हणतात. पण ठरवून मोजकीच छापायची, समजा पंचवीस. प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक आणि सही घालायची, आणि मग छापायची जाळी फाडून टाकायची, सव्विसावं कधीच निघू नये म्हणून. किंमत असते ती त्या वचनाला. माझं काम प्रत्येक कागद भिंगाखाली बघून त्याला कुठे काय झालंय ते लिहायचं आणि भाव सुचवायचा. सुविधा म्हणाली, "म्हंजे तू कागदांची दाक्तर." मी म्हटलं, दाक्तर कसली, पंचनामा करणारी.

परवा पोपटाचं पार्सल उघडायचंय. पोपट म्हणजे दिल्लीचा तो चित्रकार, हिरवे शर्ट घालणारा. पावसाळाभर आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहिला होता आणि दुपारचं जेवण आमच्या आईकडून घेत होता. उकडा भात, माशाचं हुमण, सोलकढी. आई त्याला वाढताना जरा जास्तच खूश असायची. दिवाळीला तो दिल्लीला गेला आणि पार्सल रितिकाकडे ठेवून गेला.

५ नोव्हेंबर

पार्सल उघडलं.

पार्सलात आई आहे. माझी आई! गंगा, वय सदुसष्ट, मूळ लाटंबार्सेची, आता माझ्याकडे पेडण्याला. तोंड पोपटी, केस जांभळे, कानातल्या कुड्या निऑन गुलाबी. पंचवीस कागद, पंचवीस वेळा आई, साबणाच्या वड्या रचाव्या तशी. आणि कपाळावर हे एवढं मोठं लालभडक कुंकू.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात तो हा. मोजले असते तरी चाललं असतं, याने रंगवले. पावसाळाभर तिच्या हातचं गिळलं आणि तिला विचारल्याशिवाय तिचं तोंड विकायला काढलं. पण खरा संताप मला कुंकवाचा आला. या गाढवाला एवढंही कळू नये? पावसाळाभर समोर बसून जेवलास, कधी त्या कपाळाकडे बघितलं नाहीस?

मी चौथीत असताना बाबा गेले. बाबांना न्यायच्या आधी काकीने ओल्या पदराने आईचं कपाळ पुसलं होतं. नुसतं पुसलं नाही, घासलं. कुंकू पसरून आईचं अर्धं तोंड लाल झालं होतं आणि काकी पुन्हापुन्हा पदर भिजवत होती. त्या दिवसापासून मला काकीच्या हाताची किळस आहे. लाटंबार्सेला गेले की मी तिच्याकडे चहासुद्धा घेत नाही. मी स्वतः कुंकू लावत नाही, टिकलीही नाही. मला तो प्रकारच पटत नाही. पण म्हणून आईच्या दुःखावर कुणी स्टिकर चिकटवावा आणि मी भाव सांगावा?

घरी आल्यावर आईने विचारलं, "उघडलंस गो पार्सल? तांबडो रंग उठान दिसता काय?" म्हाताऱ्या माणसांना तांबडा तेवढाच रंग वाटतो. मी म्हटलं, सगळेच रंग उठून दिसतात, डोळे फुटतील इतके. ती हसली. तिला काय सांगू?

मंगेश कंपनीतून आल्यावर त्याला सांगितलं. नवरा म्हणून तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आईंना विचारलंस का?" काय विचारायचं? तुझी थट्टा झालीय ती तुला आवडली का, असं?

६ नोव्हेंबर

पोपटाचा फोन बंद. डोंगरात कुठेतरी गेलाय म्हणे, मौन धरायला. यांना मौनसुद्धा पैसे भरून लागतं.

८ नोव्हेंबर

रितिका चित्रांवरून हात फिरवत होती, हातमोजे न घालता. समासावर बोट ठेवू नकोस म्हणून मी तीनदा ओरडले. तिने मालिकेला नाव दिलंय, ग्रॅनी गॉडेस. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले.

मग ती म्हणाली, गौरवी, कागदाला कोण विचारतं, लोक स्टोरी विकत घेतात. ही बाई खरी आहे का? असली तर शोधून काढू, उद्घाटनाला आणू, एक छोटा व्हिडिओ करू. गेल्या वर्षी कुठल्याशा शहरात विधवा बायकांना गुलाल लावून फोटो काढले होते, त्याचे छाप एकाच संध्याकाळी विकले गेले, हे तिने डोळे मोठे करून सांगितलं. "बहोत पॉवरफुल था!"

मी म्हटलं, ही बाई कोण ते मला माहीत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी आईला ओळख दिली नाही. आणि कारण काय, तर ही बया तिला कॅमेऱ्यासमोर बसवेल. 

१० नोव्हेंबर

व्हायचं ते झालं. रितिकाने उद्घाटनाची पत्रिका मोबाइलवर सगळीकडे पाठवली, वर आईचं तोंड. फिरत फिरत ती लाटंबार्सेला सर्वेशपर्यंत पोचली. सर्वेश माझा धाकटा भाऊ, पण गावच्या देवळाच्या कमिटीवर गेल्यापासून माझ्या आजोबांसारखा बोलतो.

"ताय, ह्या काय? आवशीच्या कपाळाक कुंकू? काकीन बघितल्यान आनी डोक्यार हात मारून घेतल्यान. लोक काय म्हणतले?"

मी म्हटलं, काकीने डोक्यावर हात मारला तर बरंच आहे, हात कुठेतरी कामाला आला. पण तो ऐकेना. शेवटी म्हणाला, "तोंडाचा जाव दी. तोंड कोण वळखूचो नाय ह्या रंगात. निदान ता कुंकू तरी पूस!"

फोन ठेवला तेव्हा आई दारापुढच्या बाल्कांवात बसून बाबांच्या फोटोची काच पुसत होती. रोज सकाळी ती त्या फोटोला आपल्या बोटाने गंध-पिंजर लावते, हार घालते. पिंजर म्हणजे कुंकूच, आमच्याकडचा शब्द. त्यामुळे तिची अनामिका कायम लाल. "सर्वेश काय म्हणी होतो?" तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, काजूच्या झाडांविषयी.

सर्वेशचं तोंड बघू नये असं वाटतं. पण एक गोष्ट तो बरोबर बोलला. कुंकू गेलं तर त्या चित्रातली आईची थट्टा निम्मी तरी कमी होईल.

११ नोव्हेंबर

आज मी एक चांगलं काम केलं.

कुंकू छापलेलं नाही! भिंगाखाली आज नीट बघितलं. बाकीचे रंग कागदात मुरलेत, कुंकू वर बसलंय. खरंखुरं कुंकू. झाकायच्या पातळ कागदाला त्याची पूड लागलीय. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे कागद म्हापशाच्या छापखान्यात छापले, दिवाळीच्या तोंडावर. छापखानेवाले पूजेला काय सोडतात? यंत्राला कुंकू, शाईच्या डब्याला कुंकू, स्कूटरला कुंकू. कुणीतरी भाविक माणूस नव्या मालावर बोट टेकवत गेला असणार, आणि कपाळ समोर दिसलं म्हणून कपाळावर. रितिकाला हे मी असं पटवलं की मलाच माझं कौतुक वाटलं. सुटी पूड म्हणजे दोष. शेजारच्या कागदाला लागते, गिऱ्हाईक परत करतं. "तो निकाल दो ना," ती म्हणाली आणि फोनवर बोलत निघून गेली.

पहिल्या क्रमांकापासून सुरुवात केली. आधी मऊ ब्रश, मग कणकेसारखं मळता येणारं खोडरबर, शेवटी कापूस. कुंकू निघतं, पण खाली तेलकट गोल राहतो. तो गोल निघावा म्हणून थोडं जास्त घासावं लागलं. संध्याकाळपर्यंत सात झाली. कापसाचे लाल बोळे टोपलीत टाकले तेव्हा बरेच दिवसांनी मोकळा श्वास घेतला. चित्र अजून किळसवाणंच आहे, पण आता निदान खोटं नाही.

सर्वेशचा फोन आला, "पुसलंस मगो?" मी म्हटलं, पुसलं. तो म्हणाला, "बरी गो ताय." भावाने शाबासकी दिल्यावर अंगावर पाल पडल्यासारखं का वाटावं?

१३ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. सुविधाच्या अंगणात आमचं सगळ्यांचं एकच असतं. ऊस, दिंड्याची काठी, आवळे, चिंचा, पोहे. मंगलाष्टकं झाली आणि सुविधा ताट घेऊन फिरली. सगळ्यांना हळद-कुंकू. मला लावायला आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे कपाळ मागे घेतलं, आणि तिनेही नेहमीप्रमाणे हसून माझ्या हातावर लावलं. आई घरात, जनेलाच्या गजांआडून बघत होती. तिला सुविधाने फूल आणून दिलं. दरवर्षी असंच होतं, आणि दरवर्षी मला या बायकांचा वीट येतो.

पोहे खाताना आईने पुन्हा विचारलं, "तुज्या त्या चित्रांचा काय झाला?" तिच्या डोक्यात ते पार्सल का बसलंय कोण जाणे. मी म्हटलं, "बरी आहेत. कुणा शहाण्याने त्यांच्यावर खरं कुंकू फासलं होतं. घाण नुसती. मी बसून साफ केली."

"सगळ्यांचा?"

"सात झाली. बाकीची या आठवड्यात."

तिने पोह्यांची वाटी खाली ठेवली. म्हणाली, आंबट लागतात. मग आत जाऊन झोपली, अजून उजेड होता तरी. हल्ली तिला पित्ताचा त्रास होतो. उद्या ओव्याचं पाणी करून देते.

१५ नोव्हेंबर

पोपटाचं मौन सुटलं. रितिकाचा फोन स्पीकरवर, आणि तो ओरडतोय की रडतोय तेच कळेना. कुंकू पुसलं? कुणी पुसलं? कुणाच्या परवानगीने? तेच तर चित्र होतं, बाकी नुसता कागद! रितिकाने विचारलं, म्हणजे ते तू लावलंस? त्याने एकदा खोकून घेतलं. मग म्हणाला, "हां... हां, मैंने ही लगाया." चोराच्या मनात चांदणं. एवढं अडखळायला काय झालं?

रितिकाचा चेहरा मात्र उजळला. कलाकाराच्या स्वतःच्या बोटाने पूर्ण केलेली प्रत! म्हणजे प्रत्येक वेगळी! भाव दीडपट. रिपोर्टमध्ये तसं लिही, ती म्हणाली. आणि ती सात? "तुम लगा दो ना. बिंदी ही तो है. कौन देखेगा?"

ज्या बाईने पुसायला सांगितलं तीच आता लावायला सांगते, दोन्ही वेळा तोच हात हलवत, माशी हाकलावी तसा. माझ्या सहीखाली खोटी बोटं विकायची! आजवर मी घाणेरड्या चित्रांचे खरे रिपोर्ट लिहिले, तेवढाच माझा अभिमान होता.

घरी येऊन मंगेशवर आग पाखडली. तो पुन्हा म्हणाला, "आईंना विचार." या माणसाची तबकडी अडकलीय.

१६ नोव्हेंबर

दुपारी गॅलरीत एकटीच होते. लावणार नव्हतेच, पण जमतं का ते बघावं म्हणून फालतू कागदावर कुंकू लावून बघितलं. फुंकर मारली की उडतं. पाण्यात कालवलं, कागद फुगला. तेलात कालवलं, ओघळ आला. पोपटाने हे चिकटवलं कसं? म्हणून अठरावा क्रमांक, ज्याला मी हात लावला नव्हता, तो भिंगाखाली घेतला.

कुंकवाखाली मेण आहे.

आधी मेणाचा ठिपका, बोटाने गोल फिरवून बसवलेला, मग त्यावर कोरडी पिंजर दाबलेली. जुन्या बायका लावत तसं. मी लहान असताना आईच्या फणेरपेटीत मेणाची पितळी डबी होती. दिल्लीच्या पोपटाला मेण कुठलं माहीत?

मेणात बोटाचा ठसा उमटलाय. ठशातून एक आडवी रेघ जाते. एकोणिसाव्यातही. विसाव्यातही. आईच्या उजव्या अनामिकेवर आडाळ्याच्या पात्याने कापल्याची आडवी खूण आहे. नारळ खवताना कापलं होतं, मी बारावीत असताना. मीच हळद दाबून धरली होती.

ऑक्टोबरात पोपट जेवायलाही यायचा नाही, तेव्हा ती रोज दुपारी डबा घेऊन त्याच्या खोलीवर जायची आणि यायला उशीर करायची.

टोपली रिकामी झालेली होती. लाल बोळे कचऱ्याच्या गाडीत गेले.

१७ नोव्हेंबर

आई मागच्या दारी आडाळ्यावर तिसऱ्या फोडत बसली होती. मी समोर बसले आणि विचारलं, "आई, त्या चित्रांवर कुंकू तू लावलंस?"

"मीच. आनी कोण लावतलो?" मान वर न करता.

"त्याने तुला फसवलं?"

"तो कसलो फसयता, पोर ता. माका इचारून काढल्यान. पयलो कागद हाडून दाखवल्यान. मी म्हटलंय, रे, कपाळ उघडा दिसता. तो म्हणता, कुठचो रंग देऊ? मी म्हटलंय, तुजो रंग नको, माजी पिंजर असा. माजा नाव कोणाक सांगू नको म्हणान मीच तेका बजावलंय."

म्हणजे तो माझ्या आईसाठी खोटं बोलला. तरी तो माणूस मला आवडत नाही.

"पण कशाला, आई?"

तिने एक शिंपली फोडली, आणखी एक फोडली. "तुजो बापूस गेलो तेव्हा मी तिशीच्या वायच वयर. म्हातारपणी कुंकवान मी कशी दिसतंय, ता माका बघूचा होता. घरात लावूक गावना नाय. कागदाक कोण आडयता?"

 मी कुंकू न लावण्यावर भाषणं दिली, बायकांच्या हळदीकुंकवाला नाकं मुरडली, तिच्या वतीने पस्तीस वर्षं काकीचा तिरस्कार केला. तुला हवंय का, एवढं विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

"सात पुसलंस नाय?" ती म्हणाली. "पुसूक कोणाक शिकवचा लागना नाय."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आई, मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, चल माझ्याबरोबर, ती सात परत लाव. तिने माझ्याकडे प्रथमच बघितलं.

"एकदा पुसल्यार बायल आपल्या हातान परत लावी नाय. तुका म्हायत नाय?"

मग हात धुऊन आत गेली. बराच वेळ आली नाही. आली ती पितळी डबी घेऊन, तीच फणेरपेटीतली, आणि माझ्याजवळ पायरीवर ठेवून पुन्हा तिसऱ्यांकडे वळली. लाव म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

१८ नोव्हेंबर

लावली. सातही. मेण बोटावर आधी उबेला धरावं लागतं, नाहीतर गुठळी होते. माझ्या बोटाचा ठसा कोरा, खूण नसलेला. दुसऱ्या कुणी भिंगाखाली बघितलं तर अठरा एका हातची आणि सात दुसऱ्या, हे लगेच कळेल. बघणार कोण? बघणारी मीच.

रिपोर्टवर काय लिहायचं याचा सकाळपासून छळ. खरं लिहिलं की हे कुंकू गंगाबाईच्या हातचं, तर रितिका उद्याच कॅमेरा घेऊन दारात. विधवा, गुप्त कुंकू, गोव्याचं खेडं. तिला तर घबाडच मिळेल, भाव तिप्पट करील, आणि आईचं कपाळ मोबाइल-मोबाइलवर फिरेल, लाटंबार्सेला काकीच्या हातातसुद्धा. नाही. मेले तरी नाही.

म्हणून लिहिलं, 'पंचवीसही प्रती कलाकाराने स्वतःच्या बोटाने पूर्ण केलेल्या.' खाली सही. आजवरचा माझा पहिला खोटा रिपोर्ट.  पण आईचं गुपित माझ्या खोट्याखाली सुरक्षित राहील, तेवढंच समाधान.

२४ नोव्हेंबर

उद्घाटन. आई म्हणाली, मी येतंय. मी नाही म्हटलं, मंगेश म्हणाला, गाडी काढतो. ती आपलं करड्या रंगाचं लुगडं नेसून आली, खांद्यावर पदर घट्ट.

तिथला वास! अत्तर, दारू आणि कुठल्याशा जळत्या पानांचा. बोक्यासारखा गुबगुबीत एक माणूस पहिल्या क्रमांकासमोर उभा राहून सांगत होता, बघा, कलाकाराच्या स्पर्शाची ऊर्जा जाणवते. तो सातातला होता. माझ्या बोटाची ऊर्जा! पोपट कोपऱ्यात हिरवा शर्ट घालून गप्प उभा, विचारेल त्याला हो-हो करत.

रितिकाने आईला बघितलं. भिंतीवर पंचवीस वेळा तेच तोंड, आणि समोर ते तोंड जिवंत. रितिका गोड हसली, नमस्ते केलं आणि ग्लासांच्या ट्रेकडे बोट दाखवून म्हणाली, "किचन पीछे है, आंटी." कामाला बोलावलेल्या बायकांपैकी एक समजली. हिची नजर, आणि ही कला विकते!

मी पुढे सरले, पण आईच म्हणाली, "माका पयला बघूक दी." पोपट धावत आला, तिच्या पाया पडायला वाकला. ती त्याला म्हणाली, "बारीक झालंस रे. जेवतंस काय नाय?" त्याचे डोळे भरले. मी दुसरीकडे बघितलं.

मग ती एकेका कागदासमोर थांबत गेली. अठरा कागदांसमोर नुसती बघत उभी राहिली. काय बघत होती ते मला विचारवलं नाही. पहिल्या क्रमांकाशी आली तेव्हा बोका बाजूला झाला होता. चष्मा नाकावर घेऊन ती वाकली.

"ह्या तुजा मगो?"

"होय."

"वायच वयर गेला," ती म्हणाली. चष्मा सरळ करून म्हणाली, "मेण बरा बसयलंस."

गाडीत मागच्या सीटवर ती मधेच एकदा हसली, आपल्याशीच. मंगेशने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

२५ नोव्हेंबर

सकाळी सर्वेशचा फोन. कुणीतरी त्याला कालचे फोटो पाठवले. कुंकू तसंच आहे, पंचविसांवर! ताय, तू पुसलंस म्हणालेलीस, काकी जेवत नाही, देवळात लोक विचारतात, चित्रकारावर केस घालूया. मी ठरवून ठेवलेलं खोटं बोलायला तोंड उघडलं, की ते त्या चित्रकाराचं काम, त्याला अक्कल नाही, आईला यातलं काही ठाऊक नाही.

आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"सर्वेशा, तेच्यार केस नको. ता कुंकू मीच लावलंय. माज्या हातान, पंचवीस फावट. तुज्या तायन सात पुसल्यान आनी परत लावल्यान. काकीक सांग जा. जेवची नाय म्हणता तर तिका पेज दी." मग जरा ऐकून घेऊन, "व्हय, देवळातय सांग." आणि फोन माझ्या हातात देऊन बाबांच्या फोटोला हार घालायला गेली.

आता गावभर होईल. दुपारपर्यंत काकीच्या अंगणात, संध्याकाळी देवळात, आणि दोन दिवसांत फिरत फिरत रितिकापर्यंतसुद्धा. ती कॅमेरा घेऊन आली, तर आई तिला किचन मागे आहे म्हणून सांगेल असं मंगेश म्हणतो.

गॅलरीत मात्र पंचवीस रिपोर्ट पंचवीस पाकिटांत घालून झालेत. सगळ्यांवर माझी सही. पहिल्या क्रमांकाचं पाकीट बोका काल रात्रीच घेऊन गेला. कलाकाराच्या स्वतःच्या बोटाने, असं मी माझ्या अक्षरात लिहिलंय, आणि ते काही आता पुसता येणार नाही.